क्रीडांगणामागील कचेरी

पानिपतावर कोण लढले हे मराठी मुलास वेगळे सांगावे लागत नाही. परंतु त्या लढवय्यांसाठी कोणत्या सावकाराने कर्ज उभे केले, फडात बसून कोणी कोणती मसलत दिली आणि कोणाची मसलत कोणी मोडून काढली, हे जुनी दप्तरे चाळल्यावाचून कळत नाही. इतिहासाचा हा स्वभावच आहे. त्याची दृष्टी प्रथम रणांगणावर जाते व मग, सवड झाल्यास, कचेरीकडे वळते. खेळांच्या इतिहासास तर ती सवड क्वचितच होते. अमक्याने किती धावा काढल्या ह्याची नोंद पाठ असणारे हजारो लोक भेटतील. परंतु त्यास संघात कोणी घेतले, त्याच्या वेतनाचा आकडा कोणी ठरविला आणि ज्या मैदानावर तो खेळला ते मैदान कोणाच्या मालकीचे होते, ह्याची चौकशी करणारा विरळा. अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका बेसबॉल क्लबाच्या निमित्ताने ही चौकशी करावी, असा आमचा ह्या लेखात विचार आहे.

बेसबॉलचे नियम ठाऊक नसले तरी वाचकांचे काही अडणार नाही. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे की, हा खेळ अमेरिकेत दीडशेहून अधिक वर्षे धंदा म्हणून चालत आला आहे. क्लबाचे भागीदार असतात, खेळाडू पगारी असतात, आणि दोन मोठ्या संघमंडळांचे विजेते वर्षाअखेर एकमेकांशी झुंजतात. त्या झुंजीस तेथे मोठ्या अभिमानाने ‘वर्ल्ड सीरीज’ म्हणतात. मैदानावर संघ चालविणाऱ्यास ‘मॅनेजर’ असे नाव आहे. परंतु ह्या मॅनेजरास नेमणारे व काढणारे, खेळाडू विकत घेणारे व विकणारे, तिकिटाचा दर ठरविणारे असे जे अध्यक्ष, जनरल मॅनेजर आदी अधिकारी, त्यांच्या समूहास ‘फ्रंट ऑफिस’ म्हणतात. आम्ही त्यास सरळ कचेरी म्हणू. ह्या कचेरीची सत्ता किती मोठी असे, हे एका गोष्टीवरून कळून येईल. १९७५ च्या अखेरीस एका लवादाने ती प्रथा मोडीपर्यंत, एकदा करार केलेला खेळाडू त्या क्लबाशी जन्माचा बांधला जाई. कचेरीने विकले तर तो दुसऱ्या गावी जाई. न विकले तर त्यास दुसरी वाट नसे.

१८८३ साली न्यूयॉर्क व ब्रुकलिन ह्यांस जोडणारा प्रसिद्ध पूल खुला झाला. त्याच वर्षी ब्रुकलिनात हा क्लब निघाला आणि चार्ल्स एबेट्स नावाचा एक तरुण तेथे नोकरीस लागला. हिशेब लिहावा, तिकिटे विकावी, पडेल ते काम करावे, असा त्याचा प्रारंभ होता. काटकसरीने भाग विकत घेत घेत १८९८ साली हा कारकून क्लबाचा अध्यक्ष झाला. ह्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी ब्रुकलिनचे स्वतंत्र शहरपण संपले व ते न्यूयॉर्क महानगरात विलीन झाले. हा योगायोग पुढील सर्व कथेच्या मुळाशी आहे. ज्या गावाची नगरसभा गेली, महापौर गेला, त्याच्यापाशी स्वतःचे म्हणून जे थोडे उरले त्यात हा क्लब होता. रस्त्यांवरील ट्रामगाड्या चुकवीत चालणारे, म्हणून ब्रुकलिनकरांस बाहेरचे लोक थट्टेने ‘ट्रॉली डॉजर्स’ म्हणत. तीच थट्टा पुढे क्लबाने भूषण म्हणून धारण केली व त्याचे नाव ‘डॉजर्स’ पडले.

एबेट्सने फारसा गाजावाजा होऊ न देता, तुकड्यातुकड्यांनी जमीन घेऊन नवे मैदान बांधले. १९१३ साली ते ‘एबेट्स फील्ड’ ह्या नावाने खुले झाले. पण बांधकामास पैसा पुरेना, तेव्हा त्याने मॅकीव्हर नावाच्या दोघा ठेकेदार बंधूंस क्लबाचा निम्मा हिस्सा दिला. दोन पक्ष, दोन समान हिस्से! जोवर तिघे हयात होते तोवर समजुतीने निभावले. १९२५ च्या १८ एप्रिलला एबेट्स वारला. त्याच्या अंत्यविधीस गेलेला एडवर्ड मॅकीव्हर तेथून आजार घेऊन परतला व अकरा दिवसांत तोही गेला. मागे राहिले ते एका बाजूस एबेट्सचे वारस व दुसऱ्या बाजूस मॅकीव्हर घराणे. दोहोंची मते समसमान, आणि एकमेकांस मान्य होईल असा अध्यक्ष मिळेना. तडजोड म्हणून मैदानावरील वृद्ध मॅनेजर विल्बर्ट रॉबिन्सन ह्यासच अध्यक्षपद देण्यात आले. भाऊबंदकीचे दावे ज्या समाजात पिढ्यानपिढ्या चालतात, त्यातील वाचकांस पुढील हकीकत विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. १९२० नंतर वीस वर्षे ह्या क्लबास आपल्या संघमंडळाचे विजेतेपद मिळाले नाही. कर्ज वाढत गेले व ‘ब्रुकलिन ट्रस्ट’ ही सावकार बँकच खरी धनीण होऊन बसली.

बँकेचा अध्यक्ष जॉर्ज मॅक्लॉफ्लिन ह्याच्या पुढाकाराने १९३८ साली लॅरी मॅकफेल हा गृहस्थ कचेरीत आला. धडाडी, बडबड, मद्य व क्रोध ह्या चारही गोष्टी त्याच्या ठायी सारख्याच प्रमाणात होत्या. सिनसिनाटी येथे असताना १९३५ साली त्याने मोठ्या संघमंडळातील पहिला रात्रीचा सामना भरविला होता व त्या वेळी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी वॉशिंग्टनमध्ये कळ दाबून मैदानावरील दिवे लाविले होते. ब्रुकलिनातही त्याने येताच दिवे बसविले. खेळाचे वर्णन रेडिओवर दिल्यास तिकिटे खपणार नाहीत, ह्या भीतीने न्यूयॉर्कच्या तिन्ही क्लबांनी आपसांत रेडिओबंदी केली होती. ती मॅकफेलने मोडली व रेड बार्बर ह्या गोड वाणीच्या वर्णनकारास ब्रुकलिनात आणले. परिणाम उलटा झाला. घरोघरी ज्या बाया-माणसांनी मैदान कधी पाहिले नव्हते, तीही क्लबाची भक्त बनली. १९४१ साली क्लब आपल्या संघमंडळात विजयी झाला. पुढच्याच वर्षी मॅकफेल नोकरी सोडून सैन्यात दाखल झाला. त्याची कारकीर्द पाच वर्षांचीही भरली नाही. परंतु त्याने लाविलेले दिवे व जोडलेले श्रोते मागे राहिले.

त्याच्या जागी आलेला ब्रँच रिकी हा प्रत्येक बाबतीत त्याच्या उलट होता. ओहायोतील कडव्या मेथडिस्ट घराण्यात १८८१ साली जन्मलेला, कायद्याची पदवी घेतलेला, मद्यास न शिवणारा हा गृहस्थ आईला दिलेल्या शब्दाखातर रविवारी मैदानात पाऊल टाकीत नसे. मात्र रविवारच्या तिकिटांचे उत्पन्न क्लबाने घेण्यास त्याची हरकत नव्हती, असे त्याचे टीकाकार हसून सांगत. सेंट लुईस येथे त्याने एक नवीच पद्धती निर्माण केली होती. लहान गावांतील दुय्यम क्लब ताब्यात घ्यावे, तेथे शेकडो मुले स्वस्तात जोपासावी, उत्तम तेवढी वर आणावी व उरलेली विकावी. ह्या पद्धतीस अमेरिकेत ‘शेती’ असेच नाव पडले. विक्रीच्या रकमेत रिकीचा स्वतःचा हिस्सा असे. खेळाडूंस पगार देताना त्याचा हात फार आखडे. धर्म व हिशेब ह्या दोहोंची इतकी घट्ट वीण एका माणसात क्वचितच आढळते.

१९४५ च्या ऑगस्टपर्यंत क्लबाच्या मालकीची नवी वाटणी झाली. रिकी, वॉल्टर ओमॅली हा बँकेच्या विश्वासातील वकील, आणि फायझर ह्या औषधी कंपनीचा जॉन स्मिथ, ह्या तिघांकडे प्रत्येकी चौथा हिस्सा आला. उरलेला चौथा मॅकीव्हर घराण्याच्या लेकीकडे राहिला. अशा रीतीने वीस वर्षांची कोंडी फुटली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस रिकीच्या खोलीत जी मुलाखत झाली, ती त्या देशाच्या सामाजिक इतिहासातील एक ठळक घटना होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या बेसबॉलात कृष्णवर्णीयास प्रवेश नव्हता. तशी लिखित मनाई कोठेही नव्हती. मालकांनी न बोलता पाळलेला तो संकेत होता, व लिहिलेला नसल्यामुळेच तो खोडताही येत नव्हता. आपल्या वाचकांस ह्या प्रकारचे नवल वाटू नये. मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत चर्मकार समाजातील बाळू पालवणकरांच्या गोलंदाजीवाचून हिंदू संघाचे चालत नसे, तरी नियुक्त कर्णधारपद त्यांस कधी मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांस १९२३ साली मिळाले. तेथेही कोणता नियम आड येत नव्हता. आड येत होती ती निवड करणाऱ्यांची मने.

रिकीने ज्यास बोलाविले होते तो जॅकी रॉबिन्सन त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. विद्यापीठात शिकलेला, सैन्यात लेफ्टनंट झालेला हा तरुण बसगाडीत मागच्या बाजूस जाऊन बसण्यास नकार दिल्यामुळे लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला होता व निर्दोष सुटला होता. त्या दिवशी रिकीने तीनएक तास त्याची परीक्षा घेतली. खेळाची परीक्षा आधीच झाली होती; ही सहनशीलतेची होती. हॉटेलचा उद्दाम कारकून, शिवीगाळ करणारा प्रतिपक्षी खेळाडू, अशी सोंगे स्वतः घेऊन त्याने त्यास अपमानित करून पाहिले व प्रत्युत्तर न देण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे काय, हे विचारले. रॉबिन्सनने ते कबूल केले. एक वर्ष माँट्रियल येथील दुय्यम संघात काढून १५ एप्रिल १९४७ रोजी तो एबेट्स फील्डवर उतरला. त्या वर्षी त्या मैदानावर १८ लाखांवर प्रेक्षक आले. क्लबाच्या इतिहासात तोवर इतके कधीच आले नव्हते.

ह्या कृत्याचे श्रेय एकट्या रिकीस देण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे कित्येक वर्षे ह्या प्रश्नासाठी झगडत होती व रॉबिन्सनचे नाव त्यांपैकीच एका पत्रातील वेंडेल स्मिथ ह्या वार्ताहराने सुचविले होते. १९४५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीतील वर्णभेदाविरुद्ध कायदा केला होता. ह्या संकेताच्या काळात बेसबॉलचे आयुक्तपद भूषविणारे न्यायाधीश लँडिस १९४४ च्या अखेरीस वारले होते. शिवाय रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटीच्या कृष्णवर्णीय क्लबात खेळत होता, त्या क्लबास रिकीने एक पैसाही दिला नाही. हे सर्व खरे. तरीसुद्धा दार उघडण्यास वातावरण अनुकूल असणे निराळे व पुढे होऊन कडी काढणे निराळे. मोठ्या बेसबॉलच्या सोळा क्लबांच्या सोळा कचेऱ्या होत्या. कडी एकीनेच काढली. आणि ते तिला साधले, ह्याचे एक कारण असे की, तेथे एका हट्टी माणसाच्या हाती अधिकार होता व त्याने केवळ बँकेची व आपल्या भागीदारांची संमती मिळविली होती. प्रेक्षकांचे मत घेतले असते तर ते कोणत्या बाजूस पडले असते, हे छातीठोकपणे कोण सांगेल?

१९५० च्या जुलैमध्ये जॉन स्मिथ वारला. मैदानावर त्याने कधी पाऊल टाकले नसेल, पण त्याचा मृत्यू क्लबाच्या दैवास कलाटणी देणारा ठरला; कारण त्याच्या पत्नीच्या हिश्शाचा कल आता ओमॅलीकडे झुकला. रिकीच्या अध्यक्षपदाचा करार त्याच वर्षी संपत होता. ओमॅलीने त्याचा हिस्सा मूळ खरेदीच्या, म्हणजे सुमारे साडेतीन लाख डॉलरांच्या भावाने मागितला. परंतु वृद्ध रिकी हिशेबात कच्चा नव्हता. त्याने विल्यम झेकेनडॉर्फ ह्या जमीनजुमल्याच्या व्यापाऱ्याकडून दहा लाखांची मागणी आणविली. भागीदारीच्या करारान्वये ओमॅलीस तेवढीच रक्कम देऊन हिस्सा घेण्याचा हक्क होता. परका भागीदार नको असेल तर ती देणे त्यास भागच होते. त्याने ती दिली, वर झेकेनडॉर्फच्या तसदीबद्दल पन्नास हजारही मोजले, व २६ ऑक्टोबर १९५० रोजी तो अध्यक्ष झाला. रिकी पिट्सबर्गला निघून गेला. ब्रुकलिनच्या कचेरीत त्याचे नाव उच्चारणाऱ्यास एक डॉलर दंड होत असे, अशी आख्यायिका आहे. कारभाराची घडीही बदलली. जनरल मॅनेजर हे पदनाम ओमॅलीने बंद केले व ते काम उपाध्यक्षांत वाटले. मैदानावरील मॅनेजरास एकाच वर्षाचा करार द्यावयाचा, हा त्याचा दंडक होता. १९५२ व १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे विजय मिळवून देणाऱ्या चार्ली ड्रेसेनने दीर्घ मुदतीचा करार मागताच त्यास निरोप मिळाला. त्याच्या जागी आलेल्या वॉल्टर ऑल्स्टनने एकेक वर्षाचे तेवीस करार केले!

४ ऑक्टोबर १९५५ रोजी ब्रुकलिनने न्यूयॉर्क यांकीज ह्या बलाढ्य संघास नमवून आपले पहिले व अखेरचे जगज्जेतेपद मिळविले. ह्या प्रतिपक्षापुढे १९४१ पासून पाच वेळा त्याने हार खाल्ली होती. विजयाच्या वेळी ओमॅली गादीवर होता. पण पी-वी रीझ हा नायक मॅकफेलच्या वेळचा, रॉबिन्सन, स्नायडर, हॉजेस, कॅम्पनेला हे रिकीच्या शेतीतले पीक, व अखेरच्या सामन्यात प्रतिपक्षास एकही धाव न देणारा तरुण जॉनी पॉड्रेस ओमॅलीच्या अमदानीत भरती झालेला. तीन कचेऱ्यांनी मिळून एक विजय घडविला. पेरणाऱ्याने कापणीस हजर असलेच पाहिजे, असा नियम संस्थांच्या जीवनात नाही.

ह्यानंतर दोनच वर्षांनी जे घडले त्याची सल ब्रुकलिनात दीर्घकाळ राहिली. मैदान जुने व लहान; सुमारे बत्तीस हजारांची बैठक व मोटारी ठेवण्यास जेमतेम सातशेची जागा. जुने प्रेक्षक उपनगरांत राहावयास जात होते. बॉस्टनहून १९५३ साली मिलवॉकीस गेलेल्या क्लबाची तिजोरी भरून वाहत होती. ओमॅलीला ब्रुकलिनच्या मध्यभागी, रेल्वेच्या मोठ्या स्थानकापाशी, स्वखर्चाने नवे मैदान बांधावयाचे होते. पण त्यासाठी शहराने कायद्याचा अधिकार वापरून जागा मिळवून द्यावी, अशी त्याची मागणी होती. न्यूयॉर्कच्या बांधकामांचा सर्वाधिकारी रॉबर्ट मोझेस ह्याने ती साफ नाकारली. खाजगी धंद्यासाठी सार्वजनिक अधिकार वापरता येणार नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने क्वीन्स भागातील दुसरी जागा दाखविली. तेथे गेल्यास आपला क्लब ब्रुकलिनचा उरणार नाही, असे ओमॅलीचे उत्तर होते. दोघांचेही म्हणणे कागदावर निर्दोष दिसते. ८ ऑक्टोबर १९५७ रोजी क्लबाने लॉस एंजेलिस येथे स्थलांतर जाहीर केले. त्यापूर्वी दोनच आठवडे एबेट्स फील्डवर झालेल्या शेवटच्या सामन्यास सात हजारांहूनही कमी लोक हजर होते. १९६० साली मैदान पाडण्यात आले; पाडकामाच्या लोखंडी गोळ्यास बेसबॉलच्या चेंडूसारखा रंग दिला होता. आज त्या जागी उंच निवासी इमारती आहेत.

लॉस एंजेलिसला मैदानाच्या जागेसंबंधी १९५८ साली नागरिकांचे मतदान झाले व थोड्या बहुमताने ते क्लबाच्या बाजूने पडले. तेथील चावेझ रॅव्हीन ह्या टेकाडावरील मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांस मात्र आपली घरे आधीच सोडावी लागली होती. गरिबांसाठी सरकारी चाळी बांधण्याच्या नावाने त्यांस हलविले होते, त्या चाळी झाल्याच नाहीत, आणि उरल्यासुरल्यांस १९५९ साली बळाने बाहेर काढण्यात आले. तरी तेथे निदान काही लोकांस काही विचारले गेले. ब्रुकलिनात कोणासही काही विचारण्याचे कारण नव्हते. क्लब मोजक्या भागीदारांचा होता; प्रेम तेवढे पंचवीस लाख लोकांचे होते, आणि प्रेमाची नोंद भागीदारांच्या वहीत होत नाही.

येथे विचारी वाचकापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. रिकीचे कृत्य थोर व ओमॅलीचे निंद्य, असा निवाडा देऊन मोकळे होणे सोपे आहे. ब्रुकलिनकरांनी तो केव्हाच दिला आहे. परंतु ज्या सत्तेने रिकीस कडी काढता आली, तीच सत्ता ओमॅलीस कुलूप लावण्यास उपयोगी पडली. तीच कचेरी, तोच लोकमतास अनुत्तरदायी असा अधिकार. एका माणसाच्या चांगुलपणावर विसंबून जे मिळते ते त्याच्याबरोबर जाण्याचा धोका सदैव असतो. दार उघडणाऱ्याचे उपकार मानावे. पण दाराची किल्ली कोणापाशी राहिली, हेही पाहावे.

ही किल्ली किती काळ त्याच हातांत राहिली, ह्याचा दाखला त्याच क्लबाने पुढे दिला. ऑक्टोबर १९७२ मध्ये एका सन्मानप्रसंगी रॉबिन्सनने जाहीरपणे सांगितले की, मैदानावर संघ चालविणारा कृष्णवर्णीय मॅनेजर पाहण्याची आपली इच्छा आहे. त्यानंतर नऊ दिवसांनी तो वारला. तशी पहिली नेमणूक क्लीव्हलंड येथे फ्रँक रॉबिन्सन ह्याची १९७५ च्या हंगामासाठी झाली. कचेरीची वाट ह्याहून बिकट निघाली. अटलांटात १९७६ साली बिल ल्यूकसकडे जनरल मॅनेजरचे काम आले, पण ते पदनाम त्यास मिळाले नाही; पदनामासह ती जागा मिळण्यास १९९३ साली ह्यूस्टन येथे बॉब वॉटसनची नेमणूक व्हावी लागली. आणि एप्रिल १९८७ मध्ये, रॉबिन्सनच्या प्रवेशास चाळीस वर्षे झाली त्या निमित्ताने दूरचित्रवाणीवर जी चर्चा झाली, तीत डॉजर्सचा जनरल मॅनेजर अल कॅम्पॅनिस ह्याने, अशा जागांसाठी लागणारे काही गुण कृष्णवर्णीयांत कदाचित नसावेत, असे उद्गार काढले. हा तोच गृहस्थ, जो १९४६ साली माँट्रियलला रॉबिन्सनच्या शेजारी खेळला होता! दोन दिवसांत त्याची नोकरी गेली. पण ते शब्द एका माणसाच्या तोंडचे असले, तरी त्यांतील समजूत त्या खुर्च्यांभोवती फार दिवस वावरत होती. मैदानाचे दार १९४७ साली उघडले. कचेरीचे उघडण्यास आणखी कित्येक वर्षे लागली.

ओमॅली घराण्याने १९९८ साली क्लब विकला. अमेरिकेतील बेसबॉलच्या सन्मानमंदिरात आज रॉबिन्सन आहे, रिकी आहे, मॅकफेल आहे, व २००८ पासून ओमॅलीही आहे. मृत्यूने तेथे सर्वांस एकाच छपराखाली बसविले आहे. आपल्याकडेही आता खेळांचे संघ विकले व विकत घेतले जातात आणि गावांची नावे त्यांस लाविली जातात. अशा वेळी प्रेक्षकांनी टाळ्या अवश्य वाजवाव्या. मात्र त्या वाजवीत असता, ज्यास आपण आपला संघ म्हणतो तो कागदोपत्री कोणाचा आहे, एवढे एकदा विचारून ठेवण्यास हरकत नाही. ब्रुकलिनकरांस हा प्रश्न १९५७ च्या ऑक्टोबरपर्यंत पडला नव्हता.